कोलॅबोरेशन म्हणे!

एक शब्द सध्या माझ्या फारच डोक्यात जातो. 'कोलॅबोरेशन'.

ऑफिसात हा शब्द ऐकून कान किटलेत ते वेगळंच. तिथे त्याचा अर्थ निदान सरळ असतो: अजून एक मीटिंग. पण शनिवारी संध्याकाळी जरा बरं काही बघावं म्हणून नाचाच्या कार्यक्रमाला जावं, तर तिथल्या पोस्टरवर पुन्हा तोच. 'समकालीन नृत्य आणि संगीत यांचं अनोखं कोलॅबोरेशन'. 'ध्वनी आणि देह यांचा संवाद'. (हा 'देह' फक्त पोस्टरवरच भेटतो. एरवी आपल्याला साधं अंग असतं :-))

तिकीट काढून आत जावं तर तीनपैकी एक प्रकार बघायला मिळतो.

प्रकार पहिला. संगीतकाराने दोन-तीन महिन्यांपूर्वी घरी बसून फाइल बनवलेली असते. ती साउंडवाल्याच्या लॅपटॉपवरून वाजते, नर्तक तिच्यावर नाचतात. संगीतकार सभागृहात असेलच असं नाही.

प्रकार दुसरा. वादक रंगमंचावर असतात, पण डाव्या कोपऱ्यात, अर्ध्या अंधारात. नाच आधीच बसवून झालेला असतो. वादकांना आदल्या दिवशी सांगितलेलं असतं, "इथपासून इथपर्यंत काहीतरी मूड द्या, मग मी हात वर केला की थांबा."

प्रकार तिसरा. दोन मोठी नावं. आदल्या संध्याकाळी साउंड चेकला पहिल्यांदा भेटलेली. शेवटची दहा मिनिटं सवाल-जवाब, लय वाढवत वाढवत धडाधड तिहाया, टाळ्यांचा कडकडाट, शाल-श्रीफळ. घरी जाताना कोणालाच नीट आठवत नाही की मधल्या पन्नास मिनिटांत काय झालं.

या तिन्ही गोष्टी करायला माझी अजिबात ना नाही. करा बाबांनो, आनंदाने करा. माझा आक्षेप शब्दाला आहे. कारण तो शब्द वापरला की काही प्रश्न विचारायची सोयच उरत नाही. कोणी काय ठरवलं? कोणाचं नाव कुठे छापलं? पैसे कोणाला, किती, आणि कितीदा मिळाले?

मी बोलणारा कोण? तर पोटापाण्यासाठी बॅकएंडचं काम करणारा एक इंजिनीयर. पण त्याआधी दहाएक वर्षं तबला शिकलोय. इंजिनीयरिंगच्या काळात कथकच्या वर्गात तालमीला ठेका धरून बसायचो. मोठा वादक वगैरे मी नाही आणि होणारही नाही. पण नर्तकीच्या पायांकडे बघत हात चालवणं म्हणजे काय हे अंगाला माहीत आहे. आणि दोन टीम्सनी वेगवेगळं बनवलेलं एकत्र जोडताना काय काय फुटतं, हे तर रोजच बघतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. दोघांच्या कामातला करार दोघांनी मिळून ठरवला असेल, आणि तो फसला तर दोघांचंही नाक कापलं जाणार असेल, तरच त्याला कोलॅबोरेशन म्हणा. बाकीच्याला साथ म्हणा, ट्रॅक म्हणा, ऑर्डर म्हणा. वाईट शब्द नाहीत ते.

आता हे तपासून बघायला या विषयातली सगळ्यात टोकाची जोडी घेऊ. जॉन केज आणि मर्स कनिंगहॅम.

केज हा अमेरिकन संगीतकार. १९३८ साली तो सिएटलच्या कॉर्निश स्कूलमध्ये कामाला लागला. काम काय, तर नाचाच्या वर्गाला पियानोची साथ करायची आणि लागेल तसं संगीत बनवून द्यायचं. म्हणजे आपल्या भाषेत साथीदार! कनिंगहॅम तिथेच विद्यार्थी होता. १९४०च्या सुमारास सिव्हिला फोर्ट या नर्तिकेने 'बॅकानाल' नावाच्या नाचासाठी केजकडे संगीत मागितलं. केजच्या डोक्यात तालवाद्यांचा ताफा होता, पण त्या थिएटरात तेवढी जागाच नव्हती. एक पियानो मावत होता, बास. मग या पठ्ठ्याने पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट असलं काय काय अडकवलं आणि एकाच वाद्यातून ताफ्यासारखे आवाज काढले. त्यालाच पुढे 'प्रिपेअर्ड पियानो' म्हणायला लागले. केजची नंतरची मोठमोठी कामं या वाद्यासाठी आहेत. नाचाची गरज आणि एक छोटं थिएटर यांच्यामुळे संगीतात एक नवीन वाद्य आलं. फाइल पाठवून हे होत नाही. कारण फाइल पाठवणाऱ्याला थिएटर किती लहान आहे हे माहीतच नसतं.

पुढे १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये या दोघांनी पहिला एकत्र कार्यक्रम केला. तेव्हाची त्यांची पद्धत कुठल्याही आर्किटेक्टला आवडेल अशी होती. आधी काळाचा सांगाडा ठरवायचा. एकूण भाग किती, प्रत्येक भाग किती लांब. मग केजने आपल्या घरी संगीत लिहायचं आणि कनिंगहॅमने आपल्या जागी नाच बसवायचा. भागांच्या सांध्यांवर दोघांनी भेटायचं, मधे ज्याचं त्याने बघायचं. काही वर्षांनी तर त्यांनी सांधेही काढून टाकले. फक्त एकूण वेळ ठरायची. कित्येकदा नर्तकांनी संगीत पहिल्यांदा ऐकलं ते थेट पहिल्या प्रयोगाला.

म्हणजे शुद्ध लूज कपलिंग. करार एका ओळीचा: 'अमुक इतकी मिनिटं'.

आता इथे लगेच कोणीतरी हात वर करणार. "बघा! म्हणजे त्यांनीही एकत्र तालीम केली नाही. मग आम्ही फाइल मागवली तर तुझ्या पोटात का दुखतं?"

हा युक्तिवाद मी प्रत्यक्ष ऐकलाय. कार्यक्रमानंतरच्या गप्पांमध्ये, कुर्ता आणि झोळीसकट. कनिंगहॅमचं नाव आपल्याकडे आळस झाकायला फार वापरतात. म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

एक. वेगळं काम करायचं हे दोघांनी मिळून ठरवलं होतं. त्यामागे विचार होता. नाचाने संगीताचं भाषांतर करत बसू नये आणि संगीताने नाचाला ढकलत नेऊ नये. दोघं एकाच वेळी, एकाच जागी, आपापल्या पायांवर उभे राहतील. आपल्याकडे वेगळं काम होतं ते कोणाला वेळ नसतो म्हणून. तत्त्व म्हणून वेगळं राहणं आणि ट्रॅफिकमध्ये अडकलो म्हणून वेगळं राहणं यात फरक आहे की नाही?

दोन. कनिंगहॅमची कंपनी १९५३ साली ब्लॅक माउंटन कॉलेजात सुरू झाली. तेव्हापासून १९९२ साली मरेपर्यंत केज तिचा संगीत दिग्दर्शक होता. जवळपास चाळीस वर्षं! आणि वाजवायला माणसं असायची. स्वतः केज, डेव्हिड ट्यूडर आणि नंतर कितीतरी जण. नाचाच्या कंपनीत संगीताला कायमची खुर्ची होती. आपल्याकडच्या किती नृत्यसंस्थांमध्ये संगीतकार हे पद असतं? पद सोडा, बैठकीला बोलावतात का?

तीन. ही गोष्ट माझी सगळ्यात लाडकी. १९५९ साली केज इटलीच्या टीव्हीवरच्या एका प्रश्नमंजुषेत गेला. तिकडचं केबीसीच म्हणा ना. विषय घेतला होता मशरूम! (केजला मशरूमचं भयंकर वेड होतं.) पठ्ठ्या जिंकला. आणि त्या पैशातून त्याने एक पियानो घेतला आणि नाचाच्या कंपनीच्या दौऱ्यांसाठी एक फोक्सवॅगन बस घेतली. त्या बसमधून नर्तक, वादक आणि सामान अमेरिकाभर फिरलं. १९६४च्या जागतिक दौऱ्यात पॅरिसच्या प्रेक्षकांनी अंडी आणि टोमॅटो फेकले, तेही दोघांनी मिळून झेलले.

आता सांगा. फाइल पाठवणाऱ्याला टोमॅटो लागतात का?

एकत्र तालीम न करणारी ही जोडी कोलॅबोरेशनच्या परीक्षेत पास होते, आणि आपल्याकडच्या सवाल-जवाबात घामाघूम झालेली जोडी नापास होते, ते एवढ्यासाठीच. एकत्र किती वेळ बसलात यापेक्षा अटी कोणी ठरवल्या हे महत्त्वाचं.

याच जोडीचं अजून एक उदाहरण, खास आपल्या जमातीसाठी. १९६५ साली न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये त्यांनी 'व्हेरिएशन्स फाइव्ह' केलं. रंगमंचावर अँटेना आणि फोटोसेल लावलेले होते. नर्तक त्यांच्याजवळून गेले की आवाज सुरू व्हायचे, बदलायचे. अँटेना बनवून दिल्या रॉबर्ट मूगने, हो, सिंथेसायझरवाला तोच. फोटोसेलच्या कामात बेल लॅब्जचा इंजिनीयर बिली क्लुव्हर होता. सेन्सर आज चहाच्या किमतीला मिळतो, तेव्हा नव्हता. पण मला मजा वाटते ती यातल्या अधिकारांच्या वाटणीची. नर्तक हलले की आवाज सुटायचा, पण तो आवाज कुठला, किती मोठा, ठेवायचा की गाळायचा हे वादकांच्या हातात होतं. म्हणजे दोघांकडेही अर्धी-अर्धी किल्ली. याला म्हणतात एपीआय डिझाइन!

बरं, सगळं गोडगोड नको. फसलेलं उदाहरणही बघू.

२९ मे १९१३, पॅरिस. स्ट्राविन्स्कीचं 'राइट ऑफ स्प्रिंग', नाच निजिन्स्कीचा. पहिल्याच प्रयोगाला प्रेक्षकांनी इतका गोंधळ घातला की नर्तकांना वाद्यवृंद ऐकूच येईना. निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून ओरडून मात्रा मोजत होता म्हणतात. हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो. कमी माहीत असते ती त्याच्या मागची कहाणी. त्या संगीतात दर थोड्या वेळाने मात्रांची गणना बदलते. आपण सात, साडेनऊ करणारी माणसं, तरी पहिल्यांदा ऐकताना आपणही सम शोधत बसतो. नर्तकांचं तर डोकंच फिरलं. मग दियागिलेवने मारी राम्बेर नावाची एक मुलगी खास नेमली. ती दालक्रोझच्या पद्धतीत, म्हणजे लय शरीरातून शिकवायच्या पद्धतीत, तयार झालेली होती. तिचं काम एकच, संगीताचं गणित नर्तकांच्या पायांत उतरवायचं. आजच्या भाषेत इंटिग्रेशन इंजिनीयर. आणि इंटिग्रेशन इंजिनीयरचं जे होतं तेच तिचंही झालं. या गोष्टीत तिचं नाव कोणी घेत नाही. (पुढे तिने इंग्लंडमध्ये स्वतःची बॅले कंपनी काढली आणि ती अजून चालू आहे. म्हणजे शेवटी बाईंनी हिशेब चुकता केला.)

स्ट्राविन्स्कीने नंतर आत्मचरित्रात तक्रार केली, की निजिन्स्कीला संगीताचं प्राथमिक ज्ञानही नव्हतं. असेलही. पण पुढे काय झालं बघा. संगीत कागदावर लिहिलेलं होतं, ते टिकलं. पुढच्याच वर्षी नुसतं मैफिलीत वाजलं आणि डोक्यावर घेतलं गेलं. नाच मोजक्या प्रयोगांनंतर बंद पडला आणि हरवला. तो १९८७ साली जॉफ्री बॅलेने पुन्हा उभा केला, तोही जुन्या चित्रांवरून, नोंदींवरून आणि आठवणींवरून जुळवून. दोघांनी मिळून बनवलेल्या वस्तूतला एकच अर्धा भाग चौऱ्याहत्तर वर्षं जगला. ज्याची नोंद होती तो.

हे मुद्दाम सांगतोय. कारण आपल्याकडे हेच होतं, फक्त उलट्या बाजूने. आज नाचाचा व्हिडिओ निघतो, फोटो निघतात, परीक्षण येतं. वादकाने तालमीत काय सुचवलं, कुठल्या जागी लेहरा बदलला म्हणून सगळा तुकडा उभा राहिला, याची नोंद कोणीच करत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा सकाळपासून गोऱ्यांचंच कौतुक करतोय. थांबा, येतोय घरी. आणि रस्ता केजच्याच दारातून आहे.

१९४६ साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. पाश्चात्त्य संगीत समजून घ्यायचं होतं. त्या पखवाज वाजवायच्या, म्हणजे लयीचं अंग पक्कं. त्यांनी केजशी सौदा केला. तू मला काउंटरपॉइंट शिकव, मी तुला हिंदुस्थानी संगीत शिकवते. फी नाही, दोन्हीकडून देवाणघेवाण. संगीत कशासाठी, याचं गीताबाईंनी दिलेलं उत्तर (मन शांत करून त्याला वरच्या गोष्टींसाठी मोकळं करण्यासाठी) केज पुढे आयुष्यभर सांगत राहिला. १९६४च्या त्याच टोमॅटोवाल्या दौऱ्यात कनिंगहॅमची कंपनी भारतातही आली, आणि अहमदाबादेत साराभाईंनीच तिचं आदरातिथ्य केलं.

त्याच शहरात साठच्या दशकात कुमुदिनी लाखियांनी 'कदंब' सुरू केलं. १९३० साली मुंबईत जन्मलेल्या या बाई २०२५च्या एप्रिलमध्ये गेल्या. एकट्या नर्तकाच्या कथकला त्यांनी समूहाच्या रचनेत नेलं. १९७१चं 'दुविधा' आणि १९७३चं 'धबकार' ही नावं कथकवाल्यांना पाठ असतात. पण कुमुदिनीबाईंबरोबर वर्षानुवर्षं काम करणारे संगीतकार अतुल देसाई किती जणांना पाठ आहेत? कथकच्या नव्या रचनेसाठी लागणारं नवं संगीत हा माणूस बनवत होता. तालमीच्या त्याच खोलीत, त्याच नर्तकांसाठी. मला विचाराल तर आपल्याकडच्या कोलॅबोरेशनचं हे खरं उदाहरण. पोस्टरवर शब्द नव्हता, पण गोष्ट होती.

पुण्याचंच बघा. रोहिणीताई भाटे केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे गाणं शिकल्या होत्या. नर्तकीने गाणं शिकायचं हे त्यांना जास्तीचं काम वाटलं नाही. आजच्या किती नृत्यदिग्दर्शकांना संगीतकाराशी त्याच्या भाषेत पाच मिनिटं बोलता येतं? आणि उलटही विचारा. किती संगीतकारांना माहीत असतं की उडी मारल्यावर माणूस खाली यायला किती वेळ लागतो, आणि ती लय मेट्रोनोमला विचारून ठरत नाही?

आता फाइलने नेमकं काय जातं ते सांगतो, कारण इथेच खरा मुद्दा आहे.

कथकमध्ये लेहरा चालू असतो. हार्मोनियमवर किंवा सारंगीवर सोळा मात्रांची ओळ, फिरून फिरून तीच. नर्तकी माइकसमोर येऊन बोल पढंत करते, तबलेवाला ऐकतो, मग ती नाचते आणि तो वाजवतो. सम आली की दोघं एकत्र पडतात. ऐकायला सोपं वाटतं. पण आत काय चालू असतं? ती आज थोडी चढी आहे हे त्याला दुसऱ्याच आवर्तनात कळतं. तिने एक पल्ला वाढवला तर तो मागे सरकतो. त्याने एक जागा रिकामी सोडली तर ती तिथे फक्त मान फिरवते आणि सभागृह 'वाह' म्हणतं. याला उपज म्हणतात. ती आधी ठरलेली नसते, आणि ठरवता येतही नाही. दोघांनाही चुकायची भीती असते, म्हणून दोघं एकमेकांकडे बघत असतात.

फाइल तुमच्याकडे बघत नाही. फाइलला आज तुमचा घोटा दुखतोय हे कळत नाही. फाइलवर नाचताना नर्तक एकटाच असतो, कितीही मोठा ऑर्केस्ट्रा त्यात भरलेला असला तरी.

पण म्हणून 'जुनं ते सोनं' असलं गाणं मी गाणार नाही. जुन्यात घाण भरपूर होती. 'साथीदार' या शब्दातच खालची पायरी आहे. नाव पत्रिकेच्या शेवटी, बिदागी मर्जीवर, गाडीभाडं मिळालं तर नशीब. पिढ्यान्‌पिढ्या तवायफांबरोबर वाजवणाऱ्या सारंगियांना समाजाने कुठे बसवलं हे आपल्याला माहीत आहे, आणि त्याची किंमत त्या वाद्याने मोजली. उपज दोघांची होती, पण अटी एकाच बाजूच्या होत्या. त्यामुळे माझ्या परीक्षेत ते जुनंही अर्धंच पास होतं. म्हणूनच चीड येते. 'समकालीन' म्हणवणाऱ्यांनी जुन्यातली पायरी मोडून उपज ठेवायला हवी होती. यांनी उपज मोडली आणि पायरी ठेवली!

माझा एक गुरुबंधू आहे. नोकरी नाही, फक्त तबला. काही वर्षांपूर्वी त्याने एका नृत्यनाट्यासाठी रेकॉर्डिंग केलं. अर्धा दिवस स्टुडिओत. पैसे एकदा मिळाले, ठीकठाक मिळाले. त्यानंतर तो ट्रॅक गावोगावी वाजतोय. त्याच्या पुढच्या प्रयोगांना त्याला बोलावणं नाही, अर्थातच, कारण तो आधीच 'आत' आहे. पत्रिकेत त्याचं नाव 'विशेष आभार'मध्ये, चहावाल्याच्या वरच्या ओळीत. म्हणजे त्याने स्वतःच्याच हाताने स्वतःची पुढची सगळी कामं संपवली. आणि पोस्टरवर काय? कोलॅबोरेशन.

ही नुसती रडकथा नाही. कायद्यातही याबद्दल काही म्हटलंय. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. सादर करणाऱ्या कलाकाराला, म्हणजे वादकालाही, आपल्या सादरीकरणाशी आपलं नाव जोडलं जाण्याचा हक्क आहे. आणि त्याच्या सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीचाही. बॉलिवूडच्या गायकांनी यासाठी संघटना काढली. गावोगाव ट्रॅकमधून वाजणाऱ्या तबलेवाल्याला मात्र हे सांगायला कोणी जात नाही. त्याच्याकडे कागदच नसतो. 'घरचंच काम आहे रे' एवढ्यावर सगळं होतं. करार दोघांनी मिळून ठरवा म्हणतो तो याच अर्थाने, अगदी शब्दशः. एक पान. कितीदा वाजणार, कुठे वाजणार, नाव कुठे येणार, प्रत्येक प्रयोगाला काय मिळणार.

नेहमीचे तीन बचाव आहेत, तेही उरकतो.

'बजेट नसतं.' खरं आहे. नाचवाल्यांचीही परिस्थिती काही फार थाटाची नाही, मला माहीत आहे. पण बजेट नसताना लाइट्सचं भाडं निघतं, पोस्टरच्या फोटोशूटचं निघतं, व्हिडिओवाल्याचं निघतं. सगळ्यात शेवटी विचार होतो तो संगीताचा. चार वादक परवडत नाहीत? एक घ्या. केजला एकच पियानो मिळाला होता.

'रेकॉर्डेड म्हणजे रिस्क नाही.' बरोबर. रिस्क नकोच असेल तर व्हिडिओच दाखवा ना, माणसं तरी कशाला आणता? लोक घाटातून गाडी काढून, पार्किंग शोधून सभागृहात येतात ते काहीतरी चुकू शकतं म्हणून. चुकू शकतं आणि चुकत नाही, याचीच तर टाळी असते.

'रेकॉर्डेड संगीतावरही महान कामं झाली आहेत.' हे मात्र शंभर टक्के मान्य. बेल्जियमच्या आन तेरेसा द किर्समाकरने १९८२ साली 'फाझ' केलं, ते स्टीव्ह राइकच्या आधीच असलेल्या रचनांवर. दोन नर्तकी, साध्या हालचाली, आणि राइकच्या संगीतात दोन पियानो जसे हळूहळू एकमेकांपासून सरकतात तशाच त्या सरकत जातात. अफाट प्रकार आहे, मिळाला तर नक्की बघा. पण त्याला तिने 'राइकच्या संगीतावरच्या चार हालचाली' असंच म्हटलं. नावातच कबुली आहे. संगीत आधीचं, त्याचं. मी ते वाचलं आणि माझं उत्तर दिलं. एवढा प्रामाणिकपणा आपल्याला का जमू नये? 'अमुकच्या संगीतावर तमुकचा नाच' असं लिहायला काय जातं?

तर मागण्या. (पोलेमिक लिहायचं आणि मागण्या नाही म्हणजे मोर्चा काढून निवेदन न देणं.)

१. तालमीच्या पहिल्या दिवशी संगीतकार खोलीत हवा. शेवटच्या आठवड्यात नाही. आणि त्या दिवसांचे पैसे हवेत.

२. वेगळं काम करायचं तर तेही मिळून ठरवा, आणि ठरवलेलं लिहून ठेवा.

३. नाव त्याच ओळीत, त्याच टायपात.

४. ट्रॅक वापरणार असाल तर तसं पत्रिकेवर छापा, आणि दर प्रयोगामागे वादकाला काहीतरी द्या. पाचशे का होईना.

आणि पाचवी मागणी आपल्याकडे, म्हणजे हे वाचणाऱ्यांकडे. कलाकारांना शहाणपण शिकवणं सोपं आहे, पण यात आपलाही हात आहे. कंपनीच्या ॲन्युअल डेला, फॅमिली डेला कार्यक्रम कोण ठरवतं? आपल्यातलेच कोणीतरी. 'लाइव्ह वादक नकोत, स्टेज लहान आहे, पेन ड्राइव्ह आणा' हा मेल कोण टाकतं? आपणच. तिकीट काढताना नर्तकाचं नाव बघतो, संगीत कोणाचं हे आपण कधी विचारलंय? एकदा विचारून बघा, काउंटरवर. 'संगीत लाइव्ह आहे का?' एवढंच. दहा जणांनी विचारलं की अकराव्या वेळी आयोजक स्वतःहून पोस्टरवर छापेल. आपल्या धंद्यात याला रिक्वायरमेंट म्हणतात. ती ग्राहकाने सांगायची असते, नाहीतर टीम सगळ्यात सोपं तेच बनवते.

असो. बरंच लांबलं. नाचवाल्या मैत्रिणी आता मला घरात घेतील की नाही शंका आहे. त्यांच्यापैकी जी कोणी पुढच्या कामात तबलेवाल्याला पहिल्या दिवशी बोलावेल तिच्या प्रयोगाची दहा तिकिटं मी घेणार, आणि नऊ टाळकी ओढून आणणार. हा शब्द लेखी आहे.

उद्या सोमवार. नऊ वाजता कॉल आहे. विषय: 'बेटर कोलॅबोरेशन अक्रॉस टीम्स'. देवा!